सूज खाली, तडा वर

आमच्या दर्यापूरकडच्या काळ्या मातीत घर बांधणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर माठ ठेवणं. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, अन् एखाद्या दिवशी धडधाकट भिंतीले वरपासून खालपर्यंत तडा जाते. नवखा माणूस तड्यात सिमेंट कोंबते. जाणता माणूस आधी खालची माती पाहते. हे मी जन्मभर लोकायले सांगत आलो. माझ्या स्वतःच्या डोक्याले तडा गेला तेव्हा मात्र मले हे सुचलं नाही. सुचणार कसं? ज्याले तडा जाते तो भिंत असते, गवंडी नसते.

मी चौथी शिकलो अन् शेती केली. बायको गेल्यावर आजारी पडलो, आता बरा आहो. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबाजी, हे लिहून काढा, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल." म्हणून लिहून राहिलो. ज्यायचे सांधे सुजतात अन् ज्यायचं माणूस गेलं, त्यायच्यासाठी हे आहे. ज्यायचं दोन्ही झालं त्यायनं तर वाचावंच.

गरम पाणी

मले आमवात आहे. जुना आहे. सकाळी उठलो की बोटं लाकडाची झालेली असतात. मूठ वळत नाही, वळलीच तर उघडत नाही. चहाचा कप दोन मनगटात धरावा लागते, माकडानं नारळ धरल्यासारखा.

माझी बायको वच्छला रोज सकाळी गंजात पाणी गरम करे, त्यात मूठभर मीठ टाके अन् गंज माझ्यापुढं ठेवून माझे दोन्ही हात धरून त्यात बुडवे. मंग पाण्यातच एकेक बोट उघडे, शेंगा फोडतात तसं, घाई न करता. हात उघडला की त्याच ओल्या तळव्यावर दवाखान्याच्या गोळ्या ठेवे.

"जहर देऊन राह्यली काय वं?" मी म्हणे.

"जहर असतं तं एवढ्या सालात मेले नसते काय तुमी? गिया मुकाट."

हे आमचं रोजचं होतं. देवाची आरती म्हणावी तसं. लोकायच्या घरी सकाळी घंटी वाजे, आमच्या घरी हे वाजे.

मागल्या सालच्या थंडीत ती गेली. अंगणात तूर पाखडत बसली होती. "छातीत कसंतरी होऊन राह्यलं," म्हणाली, अन् सूप हातात धरूनच एका अंगाले कलली. दर्यापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं. सूप तिच्या हातातून सोडवाले मले दोघायची मदत लागली.

तेरवी

आमच्याकडे तेरवीच्या दिवशी घरचं माणूस गेलेल्याच्या नावानं काही ना काही सोडते, जन्मभरासाठी. गजूनं, म्हणजे माझ्या पोरानं, वांग्याचं भरीत सोडलं. सूनबाईनं सीताफळ सोडलं. एकदा सोडलं की सोडलं. मंग ती वस्तू त्याच्या ताटात कोणी वाढत नाही, आग्रह करत नाही, त्याच्यासमोर तिचं नावही काढत नाही.

माझी पाळी आली. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"मी गोया सोडल्या," मी म्हणलं.

गावचा एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "मोठं सोडलं बुवा." सूनबाईनं गजूकडे पाहिलं, गजूनं खाली पाहिलं. संपलं. सोडलेल्याले कोणी उलटं विचारत नाही.

मले तेव्हा ते लय बरोबर वाटलं. गोळ्या ती देत होती. देणारीच गेली तर घ्यायच्या कोणाच्या हातून? त्या दिवशी मंडपात मले थोडं हलकंही वाटलं, जसं मी तिच्यासंगं काहीतरी पाठवून दिलं.

एकटी एक बाई होती जी तेव्हा असती तर बोलली असती. वच्छलाची थोरली बहीण, माझी आक्कडसासू देवका. ती रिद्धपूरले राहते, महानुभाव पंथाची आहे. मातीले आली, बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं अन् निघून गेली. तेरवी-बिरवी तिच्यात नाही.

उंबरठा

सूज हळूहळू चढली. आधी मनगटं, मंग गुडघे, मंग जबड्याचा सांधाही. दुपारी अंग तापे. मी ओसरीत खाटेवर पडून राहू लागलो. तिथून घराचं दार दिसे, दाराबाहेर अंगण, अन् अंगणापुढं आमचं वावर.

दिवस पातळ झाले, लय पाणी घातलेल्या ताकासारखे. ढवळावं तरी लोणी नाही अन् प्यावं तरी चव नाही. सूनबाई बोलली की तिचा आवाज विहिरीतून येऊन राहिला असं वाटे. भाकर तोंडात फिरे अन् फिरतच राही. कोणी भेटाले आलं की म्हणे, "दुःख हाय बाबाजीले." मले मनात वाटे, हे दुःख नाही. दुःख असतं तर रडलो असतो. माझा डोळा कोरडा होता. डोक्यात कोणीतरी ओला कापूस दाबून भरला होता, अन् त्या कापसाच्या पलीकडे कुठंतरी मी होतो.

अन् एका दुपारी ती दिसली.

उंबरठ्यावर बसली होती. जिवंतपणी तिनं कोणाले उंबरठ्यावर बसू दिलं नाही, लेकरायले पाठीत धपाटे देई त्यासाठी. अन् आता स्वतःच बसली होती, पाठीवर ऊन घेऊन, सुपात तूर घेऊन. सूप हलत होतं पण आवाज येत नव्हता. फोल वर उडे, उन्हात सोन्यासारखं चमके, अन् खाली पडतच नसे. तिथंच तरंगत राही. तिच्या डोक्याभोवती सगळं पिवळं-पिवळं झालं होतं.

मी श्वास धरून पडून राहिलो. चिमणी खिडकीत येऊन बसली की आपण कसे हलत नाही, तसा.

मंग ती रोज येऊ लागली. माझ्याकडे पाहत नसे. आपल्या कामात असे, तशीच जशी बाकीचं सारं आयुष्य आपल्या कामात होती. माझं ठणकणारं अंग त्या वेळेपुरतं कोणा दुसऱ्याचं होऊन जाई. मी सकाळपासून दुपारची वाट पाहू लागलो. जेवण काय, मोठी गोष्ट नव्हती. पण दुपार चुकवायची नाही.

एक दिवस मी तिच्याशी बोललो. सूनबाई चूल सोडून बाहेर आली.

"बाबाजी, कोनाशी बोलून राह्यले?"

"तुया सासूशी."

तिनं उंबरठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ती पोर मागच्या दारानं ये-जा करू लागली. तिले भेव वाटे. माझ्यामुळं माझ्या सुनेले स्वतःच्या घराच्या दारातून जायचं भेव वाटे, हे मले तेव्हा समजत नव्हतं. आता लिहिताना समजून राहिलं.

गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी इलाज. कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे म्हातारा सरकला. गजूनं मले अमरावतीले मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर भला होता. त्यानं विचारलं, गजूनं सांगितलं की माय गेली, तेव्हापासून असं आहे. हात दुखतात हेही सांगितलं. पण मी गोळ्या सोडल्या, हे ना त्यानं सांगितलं ना मी. लपवलं असं नाही. सोडलेल्याचं नाव काढायचं नसते, एवढंच. डॉक्टरनं झोपेची गोळी लिहून दिली. गजू म्हणाला, "बाबा, हे तं सोडलेल्यातली नाही ना?" मी म्हणलं, हे नवी आहे, हे चालते. झोप आली. ती झोपेतही आली.

हे म्हणजे तड्यात सिमेंट. चूक डॉक्टरची नाही. आमीच त्याले भिंत दाखवली, माती दाखवलीच नाही.

धुऱ्यावर

चैताचं ऊन होतं. त्या दुपारी तिनं सूप बाजूले ठेवलं अन् उठली. एवढ्या दिवसात पहिल्यांदा उठली. अंगण ओलांडून वावरात शिरली.

मी मागं निघालो. काठी घेतली नाही, वाहणा घातल्या नाहीत. वावर रिकामं होतं, माती फाटलेली. ती भेगायवरून चालत होती अन् तिचं पाऊल कुठंच टेकत नव्हतं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, त्या अंगाले आमची जुनी विहीर आहे. खाऱ्या पाण्याची, कोणी वापरत नाही. तिकडं ती जाऊन राहिली होती.

मले काय करायचं होतं? खरं सांगतो, मले काहीच करायचं नव्हतं. ती जाऊन राहिली होती, मी मागं जाऊन राहिलो होतो. लग्नात गाठ बांधून चालतात ना, तसं. फक्त तेव्हा मी पुढं होतो.

धुऱ्यावर माझे गुडघे गेले. दोन्ही संगंच गेले, ओल्या पोत्यासारखे. मी पालथा पडलो, एक हात भेगेत कोपरापर्यंत गेला. भेगेच्या तळाशी माती गार होती, थोडी ओली होती. वर आग अन् खाली गार, ते मले अजूनही हाताले आठवते. ती पुढं गेली, लहान होत गेली, उन्हात विरली.

ज्या गुडघ्यायले मी रोज शिव्या देत होतो, त्यायनंच मले त्या दिवशी थांबवलं. सुजेनं नेलं अन् सुजेनंच अडवलं. असं असते.

गजूनं पाहिलं अन् पळत आला.

"बाबा, कुठी चाल्ले व्हते?"

"तुया मायमागं."

तो तिथंच मातीत बसला अन् रडला. चाळिशीतला माणूस, लेकरावानी. तेरवीलेही तो रडला नव्हता.

"माय गेली ते गेली," तो म्हणाला, "आता तुमी मले पोरका करून राह्यले. काहून बाबा? मी काय केलं तुमचं?"

ते मले ऐकू आलं, पण कापसातून.

अकोला

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिथं सांध्यायची खोली एका टोकाले अन् मनाची खोली दुसऱ्या टोकाले. मधात लांब ओसरी. सांध्यावाल्या पोरट्या डॉक्टरनं मले पाहिलं अन् म्हणाला, हा बोलत नाही, तिकडं न्या. तिकडच्यानं हात पाहिले अन् म्हणाला, हा सुजला आहे, इकडं न्या. चाकाच्या खुर्चीवर गजू मले ढकलत होता. मी म्हणलं, "मधातच बसव मले. अर्धा याचा, अर्धा त्याचा."

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. सांध्याच्या होत्या, पण घाई नव्हती त्यायले. एकेक बोट दाबून पाहिलं. मी बोंबललो. मंग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"बाबाजी, पूर्वी गोळ्या चालू होत्या ना? कधीपासून बंद?"

गजू जमिनीकडे पाहू लागला. मी म्हणलं, "सोडल्या. बायकोच्या नावानं. तेरवीले."

त्यायनं पेन खाली ठेवला. हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. गजूनं मनाच्या खोलीत सांगितलेलं कागदावर होतं, ते वाचून विचारलं, "त्या दिसतात का तुम्हाला?"

आजवर मले कोणी असं विचारलं नव्हतं. सगळे म्हणत, 'काय दिसते?' ह्यायनं 'त्या' म्हणलं. मी सगळं सांगितलं. उंबरठा, सूप, न पडणारं फोल, धुरा.

रक्त तपासलं. संध्याकाळी बाई परत आल्या अन् मले समजंल असं सांगितलं. अंगात लय सूज आहे. ती नुसती सांध्यात बसून राहत नाही, रक्तासंगं सगळीकडे हिंडते अन् डोक्यालेही लागते. मंग मन झाकोळते, भूक मरते, माणूस जगातून सुटल्यासारखा होते. त्यात दुःख, त्यात उपाशी पोट, त्यात ताप.

"सगळ्यांचं असं होत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याचं मन बिघडलं त्याचं अंगच बिघडलं असतं, असंही नाही. पण तुमचं दोन्ही एकमेकांत गुंतलंय. दुःख आहेच. त्या दुःखाच्या खाली सूज आहे."

"म्हणजे भिंतीत खोट नाही," मी म्हणलं. "माती फुगली."

मंग म्हणाल्या, "हो. माती फुगली."

मले त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. मी सरकलो नव्हतो, भूतही नव्हतं. खाली माती फुगली होती. मातीचं आपल्याले समजते.

पण मंग मी एक विचारलं. "गोया सुरू केल्या तं ते येईन काय?"

दुसरा कोणी असता तर गोड बोलला असता. बाई म्हणाल्या, "बाबाजी, खोटं नाही बोलत. सूज उतरली की बहुतेक नाही यायच्या."

"मंग नाही घेत," मी म्हणलं.

वॉर्डात

मले भरती करून घेतलं. तापाचं, दुखण्याचं इंजेक्शन देत, सलाईन लावत. बाई रोज म्हणत, "खरा इलाज गोळ्यांचा आहे, अन् तोंड तुमचं आहे."

वॉर्डाचा दिवस फिनाईलच्या वासानं उगवे. मंग फरशी पुसणारी बाई, मंग डॉक्टरायचा ताफा, मंग वरण-पोळीची गाडी. शेजारच्या खाटेवर बाळापूरचे एक चाचा होते, पायाचं हाड मोडलेले. गजूनं त्यायले माझं सगळं सांगितलं असन. मले वाटलं आता हा थट्टा करते. दुपारी त्यायनं मान वळवली अन् हळूच विचारलं, "क्यूं पाटील, आई क्या भाभी?"

ती आली होती. वॉर्डाच्या दारात बसली होती, लोक तिच्यातून जाऊन-येऊन राहिले होते.

"आली," मी म्हणलं.

"फिर पूछो ना, चाय पियेंगे क्या."

हे आमचं रोजचं झालं. मले वेडा न समजता, तिले भूत न समजता, त्या माणसानं तिले चहा विचारला. असे उपकार कागदावर मांडता येत नाहीत.

गजू मात्र सुकत चालला होता. दिवसभर माझ्यापाशी, रात्री ओसरीत चादर टाकून. एक दिवस गोळ्यायची पुडी हातात घेऊन उभा राहिला अन् फुटला.

"बाबा, मेल्या मानसासाठी जित्या मानसायले किती सतवसान? ते दिसते तुमाले. मी दिसतो काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. दिसत होता, पण पुसट. दारातली बाई जास्त ठळक होती. हेच तर दुखणं होतं.

"मी शब्द देला तिले," मी म्हणलं. "सोडलेलं कोनी पुन्हा धरते काय?"

त्यानं पुडी खिशात घातली. कारण तोही भरीत खात नव्हता.

आवडीचं

त्यानंच देवकाले फोन केला असन. ती रिद्धपूरहून अमरावती, अमरावतीहून अकोला अशी एसट्या बदलत आली. माझ्याहून मोठी आहे, कमरेत वाकलेली, पण जिभेले वाक नाही. पिशवी खाली ठेवली, हात जोडले. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून मले ती जवाईच म्हणते.

"दंडवत, जवाई. काय सोडलं म्हने तुमी?"

"गोया."

"अन् गजूनं?"

"भरीत."

"त्याले भरीत आवडे?"

"लय. ताटात भरीत असलं की बापाले विसरे."

"सुनेनं?"

"सीताफय. तिचा जीव त्याच्यात."

देवका माझ्या तोंडाजवळ वाकली. "अन् तुमाले गोया लय आवडत व्हत्या काय?"

चाचा खो-खो हसले, मोडलेला पाय धरून हसले. माझं तोंड उघडं राहिलं.

"आमच्यात हे सोडासोडी नाही, मी मानत नाही," देवका म्हणाली. "पन तुमी मानता तं नीट माना ना. सोडतेत ते आवडीचं. नावडतं काय, कोनीबी सोडते. मी लहानपनी देवाच्या नावानं कारलं सोडलं व्हतं, मायनं चिमटा फेकून मारला. माया बहिनीनं रोज तुमच्या नरड्यात गोया घातल्या, तुमी रोज तिले शिव्या देल्ल्या, अन् ते गेली तं तिच्या नावानं त्याच सोडल्या? वा रे जवाई! हे सोडनं झालं का सुटनं?"

मी चादरीत तोंड घातलं.

"तिचं सोडनं अजून झालंच नाही. बाकी हाय."

"मंग काय सोडू?"

"ते तुमचं तुमी पाहा. मले काय इचारता? आवडीचं पाह्यजे, एवढं समजते मले." अन् ती पिशवीतून डबा काढाले लागली.

दुपार झाली. वच्छला आली. दारात बसली, सूप घेतलं. फोल उडालं अन् तरंगू लागलं.

मी मनात शोधू लागलो. चहा? आवडत होता, आता नुसतं गरम पाणी लागे. भाकर, ठेचा, गावातली बैठक, पोळ्याचा सण? एकेक उचलून पाहिलं. सगळ्यायचा रंग गेला होता. सकाळपासून मी वाट पाहत होतो अशी एकच गोष्ट होती, अन् ती दारात बसली होती.

तेव्हा मले समजलं की मले काय सोडाचं आहे.

मी लय वेळ तिच्याकडे पाहिलं. पदर, पाठीवरचं ऊन, सूप हलताना हलणारी कोपरं. मंग बोललो. वॉर्डात सगळ्यायपुढं, मोठ्यानं बोललो. "वच्छला, तुयं येनं मले लय आवडते. म्हनून ते सोडतो. तुयाच नावानं."

तिनं वर पाहिलं नाही. सूप थोडं थांबलं असं मले वाटलं. वाटलं असन.

देवका उठली. कुठूनतरी गरम पाणी पैदा केलं, वॉर्डाच्या स्टीलच्या भांड्यात, मीठही टाकलं. माझे हात त्यात बुडवून एकेक बोट उघडलं. बहिणीनं शिकवलं असन, नाहीतर दोघीयले एकाच मायनं. ओल्या हातावर गोळ्या ठेवल्या.

मी गिळल्या. कडू होत्या. गजू तोंड फिरवून भिंतीकडे उभा राहिला.

फोल खाली पडलं

लगेच काही होत नाही. ज्यायनं सुरू केलं त्यायनं धीर धरावा. मनाच्या खोलीतूनही एक लहान गोळी देली, तीही घेतली. आधी ताप गेला. मंग एका सकाळी अंगठा आपल्या आपण वळला. मंग वरणाले मीठ कमी आहे हे समजलं अन् मी गाडीवाल्याशी भांडलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान, भांडायला लागले बाबाजी."

ती येत राहिली, पण अंधुक. आधी तोंड गेलं, मंग पदराचा रंग. एका दुपारी पाहिलं तर सुपातून उडालेलं फोल हळूहळू खाली येऊन राहिलं होतं. फरशीवर टेकलं. एवढे दिवस अधांतरी होतं, ते सगळं निवांत खाली बसलं. तिनं रिकामं सूप उलटं करून थापटलं, काम झाल्यावर बाया थापटतात तसं. त्याचा आवाज मले आला. पहिल्यांदा आला. मंग दार नुसतं दार होतं.

"आई क्या भाभी?" चाचांनी विचारलं.

"नाही."

त्यायनं आपल्या चहाच्या बशीतलं अर्धं बिस्कुट माझ्या हातावर ठेवलं.

अन् मी रडलो. आवाज काढून, नाक गळेपर्यंत रडलो. डॉक्टरीणबाई धावत आल्या, काय झालं, कुठं दुखतं.

"काही नाही," मी म्हणलं. "आता दुःख आलं. आधी होता तो आजार होता."

ह्या दोहोतला फरक मले पुस्तकातल्यासारखा सांगता येत नाही. दुःखात माणूस भिजते. त्या आजारात माणूस वाळते. वाळून राहिले असान तर कोणाले तरी दाखवा. अंगही दाखवा अन् मनही, अन् डॉक्टरले सगळं सांगा, सोडलेलंही सांगा. लाजू नका. अन् गेलेल्याच्या नावानं दवा सोडू नका. तो तिनंच हातावर ठेवलेला असते.

आता

आता सकाळी पाणी मी स्वतः गरम करतो. हात बुडवतो, डाव्या हातानं उजव्याची बोटं उघडतो, मंग उजव्यानं डाव्याची. गोळ्या घेतो. "जहर देऊन राह्यली काय वं?" म्हणतो. कोणी उत्तर देत नाही. सूनबाई आता पुढच्या दारानं ये-जा करते. थंडीत हात अजून दुखतात, तेवढं चालते.

परवा वच्छलाचं वर्षसराद झालं. पंगतीत गजूच्या ताटात भरीत वाढलं नाही, सुनेच्या समोर सीताफळ ठेवलं नाही. जेवण झाल्यावर सगळ्यायसमोर मी गोळ्या घेतल्या. एकमेकायले कोपरं मारलेली मले दिसली. म्हाताऱ्यानं मोडलं, असं वाटलं असन त्यायले. वाटू द्या. मी काय सोडलं हे कोणी विचारलं नाही, अन् विचारायचं नसतेच.

ओसरीतली खाट मी फिरवून घेतली. आता दाराकडे पाठ करून बसतो. दुपारी ऊन उंबरठ्यावर येते ते मले भिंतीवरच्या उजेडानं समजते. एखाद्या दिवशी मागून सूप वाजल्यासारखं वाटते.

मी वळून पाहत नाही. सोडलं म्हणजे सोडलं.